तांब्याभर पाणी

झिंडेलफिंगेनच्या आमच्या घरात सकाळ आवाजांवरून कळायची. आधी खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हेगेले आपल्या खिडकीचं रोलाडन वर ओढायच्या, आणि त्या शटरच्या पट्ट्या एकामागोमाग एक खडखडत वर जायच्या. मग पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला लागायचं. मग आईचा चटणीचा मिक्सर, आणि त्यावर बाबांची रोजची कुरकुर, की अगं खालचे काय म्हणतील. आजोबा आमच्याकडे राहायला आले त्या हिवाळ्यात यात आणखी एका आवाजाची भर पडली. स्वयंपाकघरातल्या नळाखाली स्टीलचा तांब्या भरायचा, मग दार उघडायचं, जिन्यावरून सावकाश पावलं उतरायची आणि बऱ्याच वेळानं तीच पावलं वर यायची. येताना तांब्या रिकामा असायचा.

आई म्हणायची, अण्णा सूर्याला अर्घ्य देतात. तिला त्याचं फार अप्रूप वाटायचं. आमच्याकडे हिवाळ्यात सूर्य आठवडे न् आठवडे तोंड दाखवत नाही, सकाळ म्हणजे काळ्या अंधारातून करड्या अंधारात जाणं. तरी त्यांचा नेम चुकत नाही, हे ती पुण्याला मावशीला फोनवर कौतुकानं सांगायची. बाबा यावर नुसतं हं म्हणायचे. खरं तर त्यांना तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण आजोबांनी उभ्या आयुष्यात हात जोडले असतील तर ते स्टिअरिंगवर बसताना, तेवढेच. पण माणूस म्हातारा झाला की देवाकडे वळतो असं आपण गृहीत धरतो. बाबांनीही धरलं.

आजोबा वाईचे. सरकारी लाल गाडीवर ड्रायव्हर होते, आणि त्यांची बहुतेक नोकरी पसरणीच्या घाटात वर-खाली करण्यात गेली. आजी गेल्यावर ते घरात एकटेच राहिले, तेव्हा बाबांनी हट्टानं त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं. बाबा इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होते, आणि योग असा, की त्यांचं कामही इंजिन थंड ठेवण्याचंच होतं. त्यांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर इंजिन लाल-पिवळं-निळं दिसायचं आणि त्यातून पाणी कुठल्या वाटेनं फिरेल हे ते दिवसभर बघत बसायचे. बाप घाटात गाडी थंड करायचा, मी पडद्यावर करतो, असं ते पाहुण्यांना हसत सांगायचे. आजोबा त्या हसण्यात सामील व्हायचे. मुलाचा त्यांना अभिमान होता, फक्त मुलगा नेमकं काय करतो ते त्यांना शेवटपर्यंत नीट उमगलं नाही.

आमच्या घरात त्यांना करण्याजोगं काही नव्हतं. आई बोब्लिंगेनला एका ऑफिसात जायची, बाबा कारखान्यात चालत जायचे, मी शाळेत. आजोबा खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचे आणि कुठल्या गाडीचा क्लच घासतोय हे मला सांगायचे. आईनं स्टुटगार्टच्या भारतीय दुकानातून बाजरीचं पीठ आणून त्यांच्यासाठी भाकरी करायला सुरुवात केली. पिठलं झालं की ती सगळी दारं लावून घ्यायची, नाहीतर फोडणीचा वास जिन्यात जायचा. चहाबरोबर मात्र त्यांना ब्रेत्सेल, इथला गाठ मारलेला खारा पाव, आवडायचा. ते त्याची गाठ मोडून, वरचं जाड मीठ बोटानं झाडून, खारीसारखा चहात बुडवून खायचे, आणि आईला तो चहा बघवत नसे. आमच्या मजल्याची केरवोखं आली, म्हणजे जिना आणि फुटपाथ झाडायची आठवड्याची पाळी, तेव्हा त्यांनी खराटा मागितला. बाबांना ते बरं वाटलं नाही. वडिलांना झाडू मारायला लावलं असं लोक म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे तेही काम गेलं.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. घरात मराठी ऐकायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची, आमच्यासारख्या सगळ्याच पोरांचं तसं होतं. आजोबांना जर्मन येत नव्हतं आणि इंग्रजी कामापुरतं. पहिला आठवडा आम्ही दोघं एकमेकांकडे बघून नुसते हसत होतो. मग माझं फारशुलं सुरू झालं, गाडी चालवायचा क्लास, आणि आमचं जे जमलं ते जमलंच. इथे सतराव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण शेजारी आई किंवा बाप बसलेला लागतो. त्या परीक्षेचे प्रश्न मी आजोबांना मोडक्यातोडक्या मराठीत वाचून दाखवायची आणि ते उत्तर द्यायचे. सिग्नलच्या आणि पार्किंगच्या प्रश्नांत त्यांना रस नव्हता. पण एका प्रश्नात होतं, की इंजिन तापल्याचं लक्षात आलं तर तुम्ही काय कराल, आणि खाली तीन पर्याय होते. आजोबांनी पर्याय ऐकलेच नाहीत. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, समोर ताट धरायला लावलं स्टिअरिंग म्हणून, आणि स्वयंपाकघरातच घाट सुरू केला.

ते म्हणाले, गाडी तापल्याचं आधी नाकाला कळतं. गोडसर, पाक करपल्यासारखा वास येतो. मग काटा. काटा रोज जिथं उभा राहतो ती जागा डोळ्यांत बसली पाहिजे, तिथून तो बोटभर जरी सरकला तरी चालवणाऱ्याला टोचलं पाहिजे. एसी असला तर बंद, हीटर पुरा चालू. मी म्हटलं, आजोबा, उन्हाळ्यात हीटर? ते म्हणाले, हो, इंजिनाची आग आपल्या अंगावर घ्यायची, त्याला तेवढीच हुशारी वाटते. आणि त्या हीटरचं वारं गार यायला लागलं, तर मग काही विचार करायचा नाही, पाणी फिरायचं थांबलंय, गाडी कडेला घेऊन बंद करायची. खाली वाकून ओल बघायची. आणि काही झालं तरी गरम असताना झाकण उघडायचं नाही. हे सांगताना त्यांनी डाव्या मनगटावरची बाही वर केली. तिथं कातडी गुळगुळीत आणि फिकी होती, नोकरीत नवे असताना घाई केली होती त्याची खूण. मी त्यावरून बोट फिरवलं. ते म्हणाले, "काटा चढला की थांबायचं, पोरी. माणसं वेळ बघतात, इंजिन वेळ बघत नाय."

मी पास झाले. प्रात्यक्षिकाच्या आधी परीक्षकानं मला बॉनेट उघडून कूलंटची टाकी दाखवायला सांगितलं, तेव्हा मी टाकी तर दाखवलीच, वर हीटरचं सगळं पुराण ऐकवलं. परीक्षक म्हणाला, गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर, आता निघू या का. घरी येऊन हे सांगितल्यावर आजोबा एवढे हसले की त्यांचा ब्रेत्सेल चहात बुडाला. मी हे आज मराठीत लिहिते आहे याचंही मूळ त्या ताटाच्या स्टिअरिंगमध्ये आहे. त्यांना उत्तर देता यावं म्हणून मी बोलायला लागले, आणि मग ते सुटलं नाही.

आता बिघडलं कुठं ते सांगते. एका शनिवारी बाबा बेकरीतून ब्रोट्शन, सकाळचे छोटे पाव, घेऊन परत येत होते. आमची गाडी जुनी, दुसऱ्या हाताची, लांब डिकीची निळी कॉम्बी, इमारतीमागच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असायची. तिचं बॉनेट वर होतं आणि आत आजोबांचं डोकं. हातात फडकं. वर, आमच्या खालच्या मजल्यावरून, फ्राऊ हेगेले खिडकीच्या कठड्यावर उशी ठेवून आरामात बघत होत्या. मी कचऱ्याचा डबा रिकामा करायला खाली आले होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. बाबांनी विचारलं, अण्णा, काय चाललंय. आजोबा म्हणाले, पाणी बघतोय, अरे बाळू, हे रोजच्या रोज... पण बाबांनी त्यांना पुरं बोलू दिलं नाही.

"यात पाणी नसतं, अण्णा. ही काय पसरणीची लाल गाडी आहे? सगळं बंदिस्त असतं. मी दिवसभर हेच काम करतो ना? बॉनेटला हात लावू नका."

बाबा वाईट माणूस नव्हते. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुष्कळ पुढे आले आहे, आणि मला त्या वाक्यामागची भीती दिसते. परक्या देशात वरून एक बाई बघते आहे, आपला बाप फडकं घेऊन गाडीत डोकं घालून उभा आहे, आणि आपण इतकी वर्षं मेहनत करून जे झालो ते सगळं त्या एका फडक्यानं पुसलं जाईल असं त्यांना वाटलं असणार. पण तेव्हा मला ते काही कळलं नाही. मला फक्त आजोबा दिसले. त्यांनी बॉनेट आपटलं नाही, दोन्ही हातांनी हळू खाली आणून दाबलं. फडक्याची घडी केली आणि खिशात ठेवली.

त्या दिवसापासून तांब्याचा आवाज बंद झाला. आईच्या लगेच लक्षात आलं. अहो, अण्णांनी अर्घ्य देणं सोडलंय, ती बाबांना म्हणाली, त्यांचं मन कशात नाही. खरंच नव्हतं. जेवताना ते वाढलं तेवढं खायचे आणि ताट स्वतः उचलून ठेवायचे, पाहुण्यासारखे. मग एक दिवस त्यांनी तिकीट अलीकडचं करायला सांगितलं. घर बंद आहे, नारळाला पाणी नाही, असं काहीतरी कारण दिलं. अजून व्हिसा बराच शिल्लक होता. आईनं परोपरीनं विनवलं, बाबांनी एकदाच विचारलं. आजोबा म्हणाले, "इथं माझं काही काम नाय, बाळू. बसून भाकरी गोड लागत नाय." बाबांनी तिकीट बदललं. रात्री आई मला म्हणाली, हे असे गेले तर पुन्हा कधी यायचे नाहीत, आणि तुझे बाबा पुन्हा बोलावणार नाहीत, दोघांच्या नाकावर तोच एक राग. मला रडू आलं. मला वाटत होतं मीच काहीतरी बोलायला हवं, पण काय बोलायचं ते दोन्ही भाषांत सुचत नव्हतं.

जाण्याच्या आदल्या दिवशी अचानक कडाका पडला. तोवरचा हिवाळा ओला आणि मिळमिळीत होता, त्या दिवशी आभाळ एकदम स्वच्छ झालं आणि दुपारीच नाक दुखायला लागलं. दिवेलागणीला आजोबा तांब्या भरून खाली गेले. परत आले, पुन्हा भरला, पुन्हा गेले. आईनं माझ्याकडे बघितलं. मावळतीला पण देतात वाटतं, ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

सकाळी आजोबांनी एकच मागणं केलं. गाडी सानूनं चालवायची. सानू म्हणजे मी. बाबांनी आधी नको म्हटलं, फ्रँकफर्ट लांब, थंडी एवढी, वेळेवर पोचायचं आहे. पण रस्ते कोरडे होते, बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकलेलं होतं, आणि जाणाऱ्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. मी स्टिअरिंगवर, शेजारी बाबा, मागे आई आणि आजोबा. आजोबांनी कानटोपी घातली होती आणि वरून आईची शाल. निघताना त्यांनी मागच्या सीटवरून पुढे हात करून डॅशबोर्डला लावला आणि तोच छातीला.

आउटोबानला लागलो तोवर गाडी छान ऊबदार झाली होती. बाबा फोनमध्ये कुठं श्टाऊ, गाड्यांची कोंडी, आहे ते बघत होते. लेओनबर्गच्या अलीकडे मला वाटलं माझी बोटं गार पडतायत. मी झरोक्यासमोर हात धरला. हीटर पूर्ण चालू आणि वारं थंडगार. मी काट्याकडे बघितलं. रोजच्या जागेवर नव्हता. बघता बघता आणखी सरकला. मी बाबांना सांगितलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, बाहेर एवढी थंडी आहे, इंजिन कसं तापेल, सेन्सर गेला असेल, चालव, विमान चुकेल. पण सेन्सरनं हीटर कसा गार होईल, असं मी म्हटलं, आणि बाबांनी हातातला फोन खाली ठेवला. मी आरशात बघितलं. आजोबांना सगळं कळलं होतं. त्यांचा हात माझ्या सीटची पाठ घट्ट धरून होता, आणि ओठ मिटलेले होते. त्यांना हात लावायला मनाई होती, आणि त्यांनी बोलण्याचीही स्वतःला मनाई करून घेतली होती.

"आजोबा, थांबू?" मी विचारलं.

त्यांनी आधी बाबांच्या मानेकडे बघितलं. मग म्हणाले, "थांब, पोरी."

मी इंडिकेटर दिला आणि गाडी कडेच्या पट्टीवर घेऊन बंद केली. बॉनेटच्या फटीतून वाफेचा एक धागा वर चढत होता आणि तो गोडसर वास आला. बाबांनी सगळ्यांना पिवळी जाकिटं घालायला लावली, इशाऱ्याचा त्रिकोण मागे नेऊन ठेवला, आणि आम्ही रस्त्याच्या लोखंडी कठड्यापलीकडे गोठलेल्या गवतात उभे राहिलो. ट्रक गेला की सगळं अंग हलायचं. बाबा बॉनेट वर करून आत वाकले. तेवढ्यात आजोबा कठडा ओलांडून गेले आणि त्यांनी बाबांचं मनगट धरलं. "झाकणाला हात लावू नको," ते म्हणाले. त्या शनिवारनंतर इंजिनाविषयी ते आपणहून मुलाशी बोलले ते हे पहिलं वाक्य. बाबा झाकण उघडणार नव्हतेच, त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्यांनी मनगट सोडवून घेतलं नाही.

मग बाबांना ती टाकी दिसली. कूलंटची प्लास्टिकची टाकी, जिच्यात गुलाबी पातळ पाणी हलायला हवं. तिच्यात वरती स्वच्छ, बिनरंगाचा बर्फ होता. एकीकडे इंजिन उकळत होतं आणि एकीकडे त्याचं पाणी गोठलेलं होतं. बाबांनी बर्फाकडे बघितलं, मग आजोबांकडे. कठड्यापलीकडून आई हळूच म्हणाली, "अगंबाई, तांब्या." आणि मग आम्हां सगळ्यांनाच तो अर्घ्याचा तांब्या कळला, रोज कुणाच्या पोटात रिकामा होत होता तो.

मदतीची गाडी यायला बराच वेळ लागला. विमानाची वेळ जवळ येत होती आणि आजोबांची बॅग डिकीत होती, आणि मला वाटत होतं, आता हे दोघं कायमचे तुटले. मदतीला आलेली बाई होती, बाबांच्या वयाची, तेलकट हातमोजे घातलेली. तिनं एका नळीनं दोन थेंब ओढले, काचेवर टाकून छोट्या दुर्बिणीतून बघितले आणि म्हणाली, हे तर नुसतं पाणी, गोठू नये म्हणून जे घालतात ते आता नावालाच उरलंय. आल्झो, तर मग पाणी कुणी घातलं?

"मी," बाबा जर्मनमध्ये म्हणाले. ती म्हणाली, थंडीत? तुम्ही काम काय करता? बाबांना खोटं बोलायची सवय नव्हती, एका वेळी एकच जमायचं. त्यांनी खरं ते सांगून टाकलं, की कारखान्यात इंजिन कूलिंगला आहे. ती बाई एवढी हसली की तिला गाडीला टेकावं लागलं. बाबा कानापर्यंत लाल झाले आणि तसेच उभे राहिले.

आजोबांनी मला विचारलं, ती का हसली. मी आईकडे बघितलं, आईनं मान हलवली, सांग म्हणून. मी सांगितलं, की बाबांनी तुमचं नाव घेतलं नाही, पाणी मीच घातलं म्हणाले, आणि वर आपलं काम इंजिन थंड ठेवायचं म्हणून सांगितलं, म्हणून. आजोबांनी कानटोपी काढली. थंडीत त्यांचे पांढरे केस उभे राहिले. ते त्या बाईसमोर गेले, छातीवर हात ठेवला आणि त्यांना येत होते ते सगळे जर्मन शब्द वापरले. "नाइन. इश. वासर. इश." नाही. मी. पाणी. मी. मग बाबांकडे वळून म्हणाले, "गाडी माझ्या हातानं बंद पडली. ती दुसऱ्याच्या नावावर घालायची रीत नाय आपली."

ती बाई हसायची थांबली. एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे तिनं बघितलं. मग वाकून तिनं इंजिनाच्या खालच्या बाजूला टॉर्च मारला. तिथं एका रबरी नळीच्या तोंडाशी गुलाबी, खरबरीत पापुद्रे जमले होते. ती म्हणाली, ही नळी आज फुटलेली नाही, कित्येक आठवडे थेंब थेंब गळते आहे. हे आजोबा भरत होते म्हणून तुमचा दिवा लागला नाही, आणि दिवा लागला नाही म्हणून तुम्ही बघितलं नाही. एकानं भरू नये ते भरलं, दुसऱ्यानं उघडून बघितलं नाही. आणि गाडी कुणी थांबवली? मी हात वर केला. आणखी थोडी चालवली असती तर इंजिनाचं डोकं वाकलं असतं, ती म्हणाली, आता नळी बदला आणि धुऊन घ्या, जगेल. मी ते सगळं आजोबांना मराठीत सांगितलं.

"ते मला माहीत होतं," आजोबा म्हणाले. "रोज उतरत होतं. आमच्या गाड्यांचं उतरायचंच, पण हे जरा जास्तच उतरतंय असं वाटायचं."

"मग अण्णा, सांगितलं का नाही?" बाबांनी विचारलं.

"तेच सांगत होतो त्या शनिवारी."

ट्रक गेला, आम्ही सगळे हललो, तरी बाबा तसेच उभे होते. मग त्यांनी आजोबांच्या हातून खाली पडलेली कानटोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या डोक्यावर दोन्ही हातांनी नीट बसवली, कान आत गेले का बघत, लहान मुलाला घालतात तशी. "चुकलं माझं, अण्णा," ते म्हणाले. आजोबा म्हणाले, "माझं पण. तुझ्या गाडीत मी पाणी घालायचं, आणि तुला ठाऊक नाय." मग थोड्या वेळानं विचारलं, "विमान गेलं का रे?" बाबांनी घड्याळ न बघता गेलं म्हणून सांगितलं. खरं तर गेलं नव्हतं, टॅक्सी बोलावली असती तर कदाचित मिळालंही असतं. आईला ते कळलं होतं, मलाही कळलं होतं.

घरी टोईंगच्या ट्रकमधून आलो. आजोबा आणि मी पुढे त्या बाईच्या शेजारी, आणि ती गिअर कसा टाकते हे आजोबा सगळी वाट मान पुढे काढून बघत होते. आईनं आल्याआल्या चहा टाकला. तिकीट पुन्हा मूळच्या तारखेवर गेलं. गाडी दुरुस्त होऊन आल्यावर बाबांनी बाउमार्टमधून, हत्यारं-अवजारांच्या मोठ्या दुकानातून, कूलंटचा गुलाबी डबा आणला आणि रविवारी सकाळी आजोबांना हाक मारली, अण्णा, जरा खाली येता का. दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून उभे, दोघांच्या हातात फडकी. हे विष असतं, वास घेऊ नका, असं बाबा सांगत होते आणि आजोबा वास घेत होते. फ्राऊ हेगेले उशी घेऊन खिडकीत आल्या. बाबांनी वर बघून त्यांना ग्र्युस गॉट, म्हणजे नमस्कार, म्हटलं, आणि पुन्हा खाली वाकले. पुढची कित्येक वर्षं आजोबा हिवाळ्यात यायचे, प्रवास झेपेनासा झाला तोवर. येताना न चुकता नवं फडकं आणायचे.

आता माझ्या गाडीला तसलं इंजिन नाही. विजेवर चालते, घाट नाही, वाफ नाही, वास नाही. बॉनेटखाली झाकणं आणि आवरणंच जास्त, त्यात एक छोटी टाकी आहे, तिला वर्षानुवर्षं कुणाला हात लावावा लागत नाही. बाबा माझ्याकडेच असतात. पडद्यावरचं इंजिन त्यांनी केव्हाच सोडलं, आता काठी लागते आणि बरंचसं विसरतात. पण मी किल्ली उचलली की ते कोट चढवून माझ्या आधी पार्किंगमध्ये पोचलेले असतात. माझा मुलगा मला जर्मनमध्ये म्हणतो, आजोबांना सांग ना, आता त्यात बघण्यासारखं काही नसतं. बाबा काठीनं बॉनेटवर टकटक करतात. "पाणी बघितलंस का?" ते विचारतात. मला कितीही उशीर झालेला असो, मी नाही म्हणते, आणि बॉनेट उघडते.